मक्याचा हिवाळा, गव्हाचा उन्हाळा

१९६० च्या दशकात पंजाब-हरयाणाकडच्या डॉक्टरांना लहान मुलांचा एक हट्टी आजार ठाऊक होता. त्याला ते ‘उन्हाळी जुलाब’ म्हणत. वैशाखात नवा गहू घरात आला की काही पोरांना ढाळ लागत. पोट फुगे, हातापायांच्या काड्या होत, चेहरा पांढराफटक पडे. हिवाळ्यात मक्याची रोटी सुरू झाली की तीच पोरे अंग धरू लागत. पुन्हा उन्हाळा, पुन्हा ढाळ. उन्हाळ्यात जुलाब व्हावेत यात कुणाला नवल वाटत नसे. माश्या, नासके पाणी, उघड्यावरचे खाणे अशी कारणे हाताशीच होती. ताटातल्या रोटीवर संशय घ्यायचा तरी कशाला, आणि तोही पंजाबात!

१९६६ साली वालिया, सिद्धू, टंडन, घई आणि भार्गव या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उत्तर भारतीय मुलांतल्या सिलिअॅक आजारावर निबंध छापला. तोवर पाठ्यपुस्तकांत हा युरोपातल्या गोऱ्या मुलांचा आजार होता. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनावर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि लहान आतड्याचे अस्तर झिजवते, हे तिकडे माहीत झाले होते. इकडे मात्र खंगलेले मूल दिसले की कुपोषण, जंत किंवा क्षय, यापलीकडे सहसा कुणी जात नसे. मला या निबंधाचे अप्रूप वाटते ते यासाठी, की आपल्याकडे मुलाच्या खंगण्याचे कारण अन्न कमी पडणे हेच धरून चालायची सवय होती. इथे अन्न मिळत होते आणि तेच नडत होते.

युरोपातही या आजाराचा शोध ताटाभोवतीच घुटमळत राहिला. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८७ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बालरुग्णालयात त्यावर व्याख्यान दिले. ते पुढच्या वर्षी छापून आले. हा आजार बरा झालाच तर पथ्याने होईल, एवढे गींनी ताडले होते. पथ्य कोणते, ते त्यांना गवसले नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज हॉलंडचे उत्तम शिंपले खायला मिळत, तोवर ते चांगले बाळसे धरून होते. शिंपल्यांचा मोसम संपला आणि ते पुन्हा ढासळले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचे पथ्य काढले आणि ते कित्येक वर्षे चालले. केळ्यात औषधी असे काही नव्हते. केळ्यांवर राहणाऱ्या मुलाच्या पोटात पाव जात नव्हता, इतकाच त्याचा गुण.

गव्हावर बोट ठेवले ते विलेम-कारेल डिके यांनी. हेगच्या जुलियाना बालरुग्णालयाचे ते १९३६ पासून, वयाच्या एकतिसाव्या वर्षापासून, प्रमुख होते. त्यांची गोष्ट सांगताना सगळे १९४४-४५ च्या हिवाळ्यापासून सुरुवात करतात. जर्मनांनी कोंडी केली, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. आणि इतर मुले उपासमारीने झुरत असताना सिलिअॅकची मुले सुधारली. मग विमानांतून पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. गोष्ट अशी बांधीव आहे की तिच्यावर थोडा अविश्वासच ठेवावा. डिके यांनी गहू वर्ज्य करण्याविषयीचे पहिले टिपण १९४१ मध्येच, एका डच वैद्यकीय नियतकालिकात, छापले होते. म्हणजे संशय आधीचा होता, दुष्काळाने त्याला दुजोरा दिला. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी एकेका मुलाच्या आहारात गहू घालून आणि काढून काय होते ते वर्षानुवर्षे नोंदवले होते. वान दे कामर या रसायनज्ञाने मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजण्याची रीत बसवली होती, म्हणून ‘बरे वाटते’, ‘बरे दिसत नाही’ यांच्या जागी आकडे आले.

पण गव्हातले नेमके काय? ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना हे समजणे सोपे आहे. भिजवलेला गहू वाटून चीक काढला की चीक वेगळा आणि मागे राहतो तो चोथा वेगळा. बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत गव्हाची अशीच, पण काटेकोर फोड केली आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापला: स्टार्च मुलांना पचतो, चिवट प्रथिनाचा भाग बाधतो. (घरचा चीक इतका शुद्ध नसतो. सिलिअॅकच्या माणसाने कुरडई खाऊ नये.) पुढच्या चार-पाच वर्षांत तोंडावाटे नळी घालून आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढण्याची सोय झाली आणि निदान तर्कावरून सूक्ष्मदर्शकाखाली आले.

इथपर्यंतची कथा धान्याची. पण एकाच घरात, एकाच परातीतली कणीक खाऊन वाढलेल्या चार भावंडांपैकी एकालाच हे का होते? याचे उत्तर रक्तगटांच्या मार्गाने आले. फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरच्या ओळखखुणांपैकी पहिली खूण शोधली. त्यांतून पुढे एचएलए ही मोठी जनुकसंहती उलगडली आणि १९८० मध्ये दोसे यांना नोबेल मिळाले. मूत्रपिंड बदलताना दाता जुळतो की नाही ते याच खुणांवरून पाहतात. शरीरात त्यांचे काम निराळे आहे. प्रथिनांचे तुकडे उचलून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींपुढे ठेवायचे, आणि टी-पेशींनी ठरवायचे, हे आपले की परके. १९७२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड या दोन्हीकडून, एकमेकांशी सल्लामसलत न करता, एकच बातमी आली: सिलिअॅकच्या रुग्णांत एचएलए-बी८ ही खूण कितीतरी जास्त आढळते.

बी८ हा खरा गुन्हेगार नव्हता, त्याच्या शेजारी राहणारा होता. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर दाटीवाटीने बसलेली असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच पुढे जातात, म्हणून एकाला धरले की दुसरा सोबत सापडतो. खऱ्याचा पत्ता १९८९ मध्ये ऑस्लोला लागला. लुडविग सोलिड, एरिक थोर्सबी आणि त्यांच्या चमूने दाखवले की दोष एचएलएच्याच एका विशिष्ट डीक्यू रेणूकडे जातो. त्याला आज डीक्यू२ म्हणतात. हा रेणू दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही तुकडे एकाच पालकाकडून येऊ शकतात, किंवा एक वडिलांकडून आणि एक आईकडून. आई-वडील दोघेही ठणठणीत आणि मूल आजारी, या कोड्याचा एक भाग इथे सुटतो. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत डीक्यू२ असतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू८.

मग रसायनशास्त्र आले. १९९७ मध्ये बर्लिनच्या डेटलेफ शुपान यांच्या गटाने दाखवले की रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या शरीराच्याच एंझाइमवर रोखलेली असतात. आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये जी टीटीजी चाचणी होते, ती याच शोधाची. हे एंझाइम ग्लुटेनच्या तुकड्यांत किंचित बदल करते, त्यांना ऋण विद्युतभार देते, आणि डीक्यू२च्या खोबणीला नेमका ऋणभारच रुचतो. पण पचनरसांच्या तडाख्यातून इतका लांब तुकडा आतड्यापर्यंत शाबूत पोचतो कसा? याचे उत्तर २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. स्टॅनफर्डचे चैतन खोसला, ऑस्लोचे सोलिड आणि सहकाऱ्यांनी ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा केला होता. प्रोलीन आणि ग्लुटामीन यांनी तो इतका गच्च भरलेला आहे की जठरातले, स्वादुपिंडातले आणि आतड्यातले एंझाइम त्याला तोडू शकत नाहीत. खोसला पवईच्या आयआयटीतून १९८५ मध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले. जंतूंकडून प्रतिजैविके बनवून घेण्याच्या अभ्यासासाठी ते आधीपासून नावाजलेले होते. गव्हाच्या पोळीकडे ते कारखान्यातल्या प्रक्रियेसारखे पाहू शकले, हे त्या शिक्षणाचेच देणे असावे असे मला वाटते.

भारतातल्या डीक्यू२चे काय? युरोपात तो ज्या साखळीतून येतो तिच्यात ए१, बी८ आणि डीआर३ या खुणा एकामागोमाग असतात. दिल्लीच्या एम्समध्ये नरिंदर मेहरा यांच्या प्रयोगशाळेने भारतीय मुलांची साखळी तपासली. तिच्यात बी८ आणि डीआर३ होते, पण पुढच्या टोकाला ए१च्या जागी ए२६ होता, शिवाय डीआर३च्या इतरही साखळ्या निघाल्या. तेव्हा ‘इंग्रजांनी आणलेला आजार’ ही कल्पना मोडीत निघाली. ही इथलीच, जुनी, घरची मालमत्ता आहे.

आता थोडे लेस्टरकडे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा त्यांतले हजारो गुजराती या इंग्रजी शहरात येऊन वसले. पंजाबी तिथे होतेच. १९९३ मध्ये शेर, मेबेरी आणि सहकाऱ्यांनी त्या भागातल्या सिलिअॅकच्या रुग्णांचा हिशेब मांडला. पंजाबींत प्रमाण युरोपीयांहूनही चांगलेच जास्त निघाले, गुजरातींत युरोपीयांहून कमी. हा हिशेब निदान झालेल्या रुग्णांचा होता, घरोघर रक्त तपासून केलेला नव्हता, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. तरी गुजरातेतल्या चरोतर-बडोद्याकडच्या माणसाला तो वाचून दिलासा वाटला असेल. हा दिलासा पुरता खरा नव्हता, असे पुढच्या संशोधनाकडे पाहून म्हणावे लागते.

कारण आजार कमी दिसला म्हणजे जनुके नाहीत, असे नव्हे. डीक्यू२ किंवा डीक्यू८ असलेल्यांपैकी फार थोड्यांना आजार होतो. लोकसंख्येत सुमारे तिसऱ्या हिश्श्याकडे यांपैकी एक तरी असतो. आजारी पडतात ते त्यांतले काही टक्के. आनुवंशिक धोक्यापैकी सुमारे ४० टक्के भाग एचएलएचा. बाकीचा शोधायला २००७ पासून संपूर्ण जनुकसंचाची चाळणी सुरू झाली. हाती लागलेल्या चाळीसेक जागा बहुतेक सगळ्या प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या किंवा आवरणाऱ्या निघाल्या. २०११ च्या मोठ्या पाहणीत पंजाबातल्या रुग्णांचे नमुनेही होते. पुढे दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. थेल्मा, लुधियानाचे अजित सूद आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतीयांवर हाच प्रयोग करून पाहिला. या जागांतल्या कित्येक पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या यादीतही आहेत, काही कोडाच्या. एसएच२बी३ या जनुकाचा धोक्याचा प्रकार तर युरोपात सुमारे १२०० ते १७०० वर्षांपूर्वी मुद्दाम निवडून वाढल्यासारखा पसरला. तो असलेल्या माणसांच्या पेशी जिवाणूंना जास्त जोराने प्रतिसाद देतात. साथींत ज्यांनी तग धरला, त्यांच्या नातवंडांना ही तापट प्रतिकारशक्ती वारशात मिळाली असावी.

आवरणाऱ्या बाजूचे काम बडोद्यात झाले आहे, जरी ते सिलिअॅकवरचे नसले तरी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात रशीदुन्निसा बेगम यांच्या गटाने गुजरातमधल्या कोडाच्या रुग्णांवर बरीच वर्षे संशोधन केले. मितेश द्विवेदी, नरेश लड्ढा ही त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे निबंधांत दिसतात, त्वचारोगतज्ज्ञ वाय. एस. मारफतिया हे वैद्यकीय बाजूने. कोडात प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर चालून जाते. आपल्या समाजात या पांढऱ्या डागांनी किती लग्ने मोडली, हे सांगायला नको. २०११ मध्ये या गटाने सीटीएलए-४ हे जनुक तपासले. टी-पेशींना ‘पुरे’ म्हणणारा हा रेणू रुग्णांत कमी प्रमाणात बनत होता. २०१३ मध्ये त्यांनी सर्वांगावर पसरणाऱ्या कोडात नियामक टी-पेशी, म्हणजे इतर टी-पेशींना आवरणाऱ्या पेशी, कमी असल्याचे दाखवले. दिल्लीच्या रजनी रानी यांच्यासोबतच्या २०१२ च्या निबंधात उत्तर भारत आणि गुजरात दोन्हीकडच्या रुग्णांत एचएलए-डीआरबी१*०७:०१ ही खूण वाढलेली आढळली. सिलिअॅकवाल्यांना ही खूण चांगली ओळखीची आहे: तिच्या मागोमाग डीक्यू२चाच एक प्रकार येतो, एकट्याने सौम्य, पण दुसऱ्या पालकाकडून योग्य जोडीदार मिळाला तर पुरता धोक्याचा. म्हणजे जनुकांच्या दृष्टीने गुजरातला कसली सूट मिळालेली नाही.

मग लेस्टरच्या आकड्यांचा उलगडा कुठे शोधायचा? त्याचे उत्तर माझ्या मते २०१६ च्या पाहणीत दिसते. बी. एस. रामकृष्ण, गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३,३३१ प्रौढांची पाहणी केली. सिलिअॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के निघाले, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. डीक्यू२ किंवा डीक्यू८ असणारे मात्र तिन्हीकडे जवळपास सारखेच, तीन माणसांत एक. रोजचा गहू मोजला तर उत्तरेत माणशी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. ईशान्येचा आकडा या हिशेबात नीट बसत नाही, आणि तसा तो बसत नाही हे सांगितले पाहिजे; तिथे आणखी काही असावे. पण तामिळनाडूतली माणसे जनुकांमुळे वाचलेली नाहीत, भातामुळे वाचली आहेत, हे या आकड्यांतून उघड दिसते.

या पाहणीत पश्चिम भारत नव्हता. गुजरात नव्हता, महाराष्ट्रही नव्हता. आणि नेमक्या याच पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत ताट झपाट्याने पालटले. विदर्भ-मराठवाडा-देशावर पूर्वी रोजची भाकरी ज्वारीची, कोकणात नाचणी-तांदूळ, पोळी सणासुदीची किंवा पाहुण्यांची. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू रेशनवर येऊ लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कल्याणसोना, सोनालिका या बुटक्या जाती शेतात आल्या. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना मिळालेल्या ‘मिलो’च्या आठवणी अजून कडवट आहेत. ती अमेरिकन लाल ज्वारी होती, लोक तिला नाके मुरडत. गंमत अशी की ग्लुटेनच्या बाबतीत ती अगदी निर्धोक होती. मग रेशनच्या दुकानातून, वसतिगृहांतून आणि शहरी नोकऱ्यांतून पोळी रोजची झाली. पुण्या-मुंबईत ज्याला लोकवन म्हणतात तो गहूदेखील भावनगर जिल्ह्यातल्या सणोसराच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला लोक-१. गुजरातने मराठी परातीला दिलेली ही देणगी फारशी कुणाच्या लक्षात नसते.

बडोद्यात हे सगळे पदर एकत्र दिसतात. तिथले गोरवा हे पूर्वी शहराबाहेरचे गाव होते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिक या कारखान्यामुळे आणि पुढे औद्योगिक वसाहत, आयटीआय आणि कोयलीची रिफायनरी यांमुळे ते शहरात विरघळले. इथे गायकवाडी काळापासूनची मराठी घरे आहेत, चरोतरचे आणि सौराष्ट्राचे लोक आहेत, कारखान्यांसाठी उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली कुटुंबे आहेत. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून त्यांना दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळण्याचा कार्यक्रम मराठी घरांनीही उचलला. पिठाच्या गिरणीला इथे घंटी म्हणतात, आणि घंटीवर गव्हानंतर त्याच पाळ्यांतून बाजरी दळली जाते. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती बाजरीची भाकरी गव्हाचीच. तीन आजीआजोबा पोळीशिवाय वाढलेले आणि चौथा पंजाबातला, असेही घर या वसाहतीत सहज सापडेल. तिथल्या नातवाला कोणाकडून काय आले हे रक्त पाहूनच कळेल.

ते रक्त कसे पाहायचे, याबाबत गोंधळ फार आहे. आरोग्य तपासणीच्या महागड्या पॅकेजात हल्ली डीक्यू२-डीक्यू८ घातलेले दिसते आणि लोक ‘पॉझिटिव्ह’ वाचून गहू सोडतात. वस्तुतः त्या चाचणीचा उपयोग उलटा आहे. दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळपास निकालात निघतो. असतील तर तुम्ही तिघांतले एक आहात, एवढेच कळते. आधी टीटीजी, गरज पडली तर आतड्याचा तुकडा, आणि हे दोन्ही गहू चालू असताना. गहू आधीच सोडला तर प्रतिपिंडे ओसरतात आणि निदान हुकते. एकदा घरात एकाला निघाला की सख्ख्या भावंडांची, आई-वडिलांची आणि मुलांची तपासणी करावी. मखारिया यांच्या गटाने जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार अशा जवळच्या नातलगांपैकी सुमारे साडेसात टक्के लोकांत हा आजार निघतो, आणि बहिणी-मुलींत सर्वांत जास्त. ज्यांना पोटाची तक्रार नाही, नुसता वर्षानुवर्षे न हटणारा अॅनिमिया आहे, अशा बायका यांत पुष्कळ असतात. त्यांना आजवर लोहाच्या गोळ्या मिळाल्या आहेत, टीटीजीची चिठ्ठी फारशी नाही.